भिंतीआडची पाटी

डोंगरीचा तुरुंग मराठी वाचकाला ठाऊक आहे तो गोपाळ गणेश आगरकरांमुळे. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर ह्यांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली आणि ह्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. दोघेही पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक. आगरकरांनी तेथे ‘हॅम्लेट’च्या भाषांतरात मन रमवले आणि सुटल्यावर त्या दिवसांवर एक पुस्तकही लिहिले. बंदिवासाने त्यांचा अभ्यास थांबला नाही; आणि सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी त्यांच्या स्वागताला मोठा जनसमुदाय लोटला होता.

पुढे उमरखाडीच्या ह्याच जुन्या तुरुंगात मुलांचे रिमांड होम आले. ज्या भिंतींनी दोन शिक्षकांना कोंडले, त्याच भिंतींआड शाळेच्या वयाची मुले येऊ लागली. ती पाटी घेऊन आली नव्हती आणि सुटताना त्यांच्यासाठी जनसमुदाय उभा राहणार नव्हता. अशा मुलांना भिंतीआड काय शिकवावे आणि ती बाहेर पडतील तेव्हा दाराशी कोण असावे, ह्या दोन प्रश्नांचा इतिहास तीनशे वर्षांहून जुना आहे. त्यातील काही पाने ख्रिस्तसभेच्या इतिहासातीलही आहेत. ती आज उलगडून पाहावीत असे आम्हांस वाटते.

पहिले पान रोमचे. पोप अकरावे क्लेमेंट ह्यांनी १७०३ साली सान मिकेले येथील अनाथाश्रमाच्या आवारात मुलांसाठी वेगळे सुधारगृह बांधण्याचे फर्मान काढले. तोवर गुन्हा केलेला मुलगा मोठ्यांच्याच तुरुंगात पडे आणि तेथे जे शिकायचे ते शिकूनच बाहेर येई. वास्तुविशारद कार्लो फोंताना ह्यांनी तीन मजल्यांवर साठ कोठड्या अशा रचल्या, की प्रत्येक मुलाला आपल्या कोठडीतून मधल्या दालनातील वेदी दिसावी. रात्री एकेकट्याने कोठडीत राहायचे, दिवसा दालनात एकत्र बसून लोकर कातण्यासारखी कामे करायची आणि धर्मशिक्षण घ्यायचे, असा तेथील क्रम होता. वाईटांना शिक्षेने आवरून फारसे साधत नाही, त्यांना शिस्त लावून चांगले करावे लागते, अशा आशयाचा लॅटिन लेख तेथे कोरलेला होता. इंग्लंडचे तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड त्याच शतकात तेथे गेले आणि ह्या वचनाने प्रभावित झाले.

परंतु इतिहास लिहिताना अर्धेच सांगून चालत नाही. त्या दालनात काम करणाऱ्या मुलांच्या पायांत साखळ्या असत, बोलण्यास बंदी असे आणि चुकल्यास चाबूक ठरलेला असे. विचार नवा होता. रीत मात्र जुनीच राहिली होती. मुलाला माणूस करायचे हे रोमने ओळखले. त्यासाठी आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो, हे ओळखण्यास आणखी दीड शतक जावे लागले.

दुसरे पान उत्तर इटलीतील तुरीन शहराचे. जॉन बॉस्को ह्या तरुणाला १८४१ साली गुरुदीक्षा मिळाली. त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ कफासो हे बंदिवानांचे मित्र म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्यासोबत डॉन बॉस्को तुरुंगांत जाऊ लागले. बारा ते अठरा वर्षांची, अंगाने धडधाकट, बुद्धीने तल्लख मुले तेथे रिकामी बसलेली, उपाशी, ढेकणांनी पोखरलेली त्यांनी पाहिली. त्याहूनही एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली, ती त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. काही मुले सुधारण्याचा निश्चय करून बाहेर पडत आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेथेच दिसत. कारण शोधता त्यांना आढळले, की बाहेर त्या मुलांचे कुणीच नव्हते. निश्चय खरा होता, पण तो टिकवायला एकही हात नव्हता.

१८४५ साली तुरीनमध्ये ‘जनराला’ नावाचे बालसुधारगृह सुरू झाले. तेथील मुलांशीही डॉन बॉस्कोंचा संबंध आला. १८५५ साली तेथील शेकडो मुलांना त्यांनी एका दिवसासाठी शहराबाहेर स्तुपिनीजी येथे सहलीला नेले, मंत्री रात्ताझी ह्यांनी देऊ केलेले पहारेकरी नाकारले आणि संध्याकाळी एकूण एक मुलगा परत आला, ही कथा सेलेशियन परंपरेत आवडीने सांगितली जाते. आपल्यापैकी अनेकांनी ती प्रवचनात ऐकली असेल. मात्र ह्या कथेपाशीच थांबल्यास डॉन बॉस्को आपल्याला निम्मेच समजतील. सहल एका दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी उजाडले ते भिंतीआडच.

त्यांचे खरे उत्तर वाल्दोक्को येथे उभे राहिले. १८४६ साली भाड्याने घेतलेल्या एका पडवीत त्यांनी मुलांना एकत्र केले. दिवसभर गवंड्यांच्या हाताखाली राबणारी मुले रात्री तेथे अक्षरे गिरवू लागली. देशात दशमान मापे येणार म्हणून डॉन बॉस्कोंनी १८४९ साली त्या विषयावर सोपे पुस्तक काढले, कारण हिशेब न येणारा कामगार मजुरीत नाडला जातो. १८५२ सालचा, एका शिकाऊ सुताराच्या वतीने मालकाशी केलेला त्यांचा लेखी करार आजही वाचण्यासारखा आहे. मालकाने मुलाला कसब शिकवावे, ठरलेला पगार द्यावा, चुकल्यास शब्दांनी समजवावे, मारू नये आणि सणावारी कामाला जुंपू नये, असे त्यात बजावले होते. १८५३पासून चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई अशा कार्यशाळा घरातच निघाल्या. मुलगा तुरुंगात जाण्यापूर्वी त्याला गाठावे आणि सुटला तर पुन्हा जाऊ देऊ नये, हा त्यांच्या प्रतिबंधक पद्धतीचा गाभा होता.

त्याच दशकात आपल्या मुंबईतही हालचाल सुरू झाली होती. १८५० सालच्या कायद्याने गरीब व किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी कारागिराच्या हाताखाली ठेवण्याची वाट काढली. १८५७ साली बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून ह्यांच्या नावाने उद्योगशाळा व सुधारगृह उभे राहिले. ती संस्था पुढे माहीमला स्थिरावली. बुधवारी नोव्हेनासाठी माहीमला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना तिची आठवण होत असेल? इंग्लंडमध्ये अशा शाळांसाठी झटणाऱ्या मेरी कार्पेंटर १८६६ साली हिंदुस्थानात आल्या आणि येथेही सुधारशाळा हव्यात असा त्यांनी आग्रह धरला. १८७६चा आणि त्यानंतर १८९७चा सुधारशाळा कायदा झाला. दुसऱ्या कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलाला तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवून उद्योग शिकवण्याची तरतूद केली. मुलींचा त्यात विचारच नव्हता. १९२४ साली मुंबई बाल अधिनियम आला आणि १९२७ साली मुंबईत बालन्यायालय व चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली.

कायदे झाले, तरी मुले मोठ्यांच्या तुरुंगातून पूर्णपणे निघाली नव्हती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे ह्यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ साली न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले. त्याच वर्षी देशभरासाठी एकच बालन्याय कायदा झाला. २००० सालच्या कायद्याने मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले. दिल्लीतील २०१२ सालच्या अमानुष घटनेनंतर देश हादरला आणि २०१५च्या कायद्याने घृणास्पद गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी केली. तो संताप आम्ही समजू शकतो. मुलाच्या हातून घडलेल्या अपराधानेही कुणाचे तरी घर उद्ध्वस्त होते आणि त्या घराचे अश्रू विसरून दयेची भाषा बोलणे बरे नव्हे. परंतु शिक्षा संपल्यावर तो मुलगा आपल्यातच परत येतो. तो काय शिकून येतो, हा प्रश्न म्हणूनच त्या पीडित घराच्याही हिताचा आहे.

भिंतीआड शिकवणे सोपे नाही. कुणी तीन आठवड्यांसाठी येतो, कुणी तीन वर्षांसाठी. एकाच बाकावर शाळेचे तोंड न पाहिलेला आणि दहावीची परीक्षा हुकलेला असे दोघे बसतात. तेथे इयत्तांचे चौकटीतले वर्ग चालत नाहीत. शिक्षकाला प्रत्येक मुलाची वेगळी पाटी धरावी लागते. १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयासारख्या योजनांचा म्हणूनच येथे मोठा आधार होतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९०च्या नियमांत ह्याविषयी एक लहानसे कलम आहे. बंदिवासात मिळालेल्या प्रमाणपत्रावर मुलगा कोठे शिकला ह्याचा मागमूसही असू नये, असे ते सांगते. आपल्या २०१५च्या कायद्यानेही सर्वसाधारणपणे अशा मुलाचा दोषसिद्धीचा कलंक पुढे राहू नये असेच म्हटले आहे. कागद विसरू शकतो. शेजार विसरतो का, हा प्रश्न कायद्याच्या हातचा नाही.

२०१३ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी पवित्र गुरुवारची मिस्सा रोमच्या कासाल देल मार्मो ह्या बालकारागृहात अर्पण केली आणि बारा बंदिवान तरुणांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या आणि मुसलमानही. ज्या शहरात तीन शतकांपूर्वी मुलांच्या पायांत साखळी घालून त्यांना सद्गुण शिकवला जात होता, त्याच शहरात पोप त्या पायांपुढे गुडघे टेकून बसले. इतिहास कुठून कुठे आला हे ह्या दोन चित्रांत दिसते.

ख्रिस्तसभा बंदिवानांना भेटणे हे दयेचे शारीरिक कृत्य मानते, तर अजाणांना शिकवणे हे आध्यात्मिक. बालसुधारगृहाच्या वर्गात ही दोन्ही कृत्ये एकत्र येतात. पण त्या वर्गात जाणे सर्वांना जमणार नाही, हे आम्ही जाणतो. दाराबाहेर उभे राहणे मात्र आपल्याच हाती आहे. आपल्या धर्मग्रामात सुतार आहेत, शिंपी आहेत, वायरमन आहेत, निवृत्त शिक्षक तर गावोगावी आहेत. सुटून आलेल्या एखाद्या मुलाला हाताखाली घेणे, त्याचा मागला पत्ता न विचारता त्याला गणित शिकवणे, आपल्या मुलांच्या संघात त्याला खेळू देणे, एवढे आपल्याला जमेल काय? टिळक-आगरकरांसाठी डोंगरीच्या दाराशी गर्दी उभी होती. त्या मुलाला गर्दी नको आहे. त्याला एकच माणूस पुरेसा आहे.