सांता आणि तिच्या बहिणी

एका बोलपटासारखा दुसरा कोणता, हे ओळखावे कसे? लोक नटनट्यांवरून, गाण्यांवरून ओळखतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आम्ही आधी विचारतो, यातली बाई पोट कशावर भरते?

मेक्सिकोचा आरंभीचा स्पॅनिश बोलपट 'सांता' (१९३२) घ्या. फेदेरिको गांबोआच्या कादंबरीवरून तो निघाला. खेड्यातल्या मुलीला फसवतो लष्करातला एक माणूस. पण घराचे दार लावून घेतात ते तिचे आई-भाऊच. मग शहर आणि कुंटणखाना. आर्काडी बॉयटलरच्या 'ला मुहेर देल पुएर्तो'त (१९३४), म्हणजे 'बंदरावरच्या बाई'त, प्रियकराचा दगा, बापाचा मृत्यू आणि शेवटी वेराक्रूस बंदर. गाव निराळे, वाट तीच.

एमिलिओ फर्नांदेसचा 'सालोन मेहिको' (१९४९) मात्र एक पाऊल पुढे जातो. त्यातली मर्सेदेस नाचघरात राबते ती धाकट्या बहिणीला चांगल्या शाळेत शिकवण्यासाठी. सांता घराबाहेर काढलेली. ही घराची पोशिंदी! साम्य शोधता शोधता हाती लागला तो हा फरक.

प्रेमभंग पाहून डोळे ओले होतात, ते होवोत. पण दार कोणी लावले आणि बाहेर दुसरे काम का नव्हते, हेही विचारले पाहिजे.