जोडे शिवणाऱ्याचा पोर

मागच्या महिन्यात रातपाळीला पंधरा मिनिटं उशीर झाला. गेटवरून परत पाठवलं. खाडा पडला, पगार कापला. खोलीवर येऊन झोप लागेना, म्हणून रशियावरचं पुस्तक काढलं. त्यात एक कायदा सापडला. तो तुम्हाला सांगायचाय. पण आधी तो करणाऱ्या माणसाबद्दल.

जोसेफ जुगाश्विली. जॉर्जियातल्या गोरी गावचा, जन्म १८७८. बाप जोडे शिवायचा, दारू पिऊन पोराला मारायचा. आई लोकांची धुणी धुवायची. खोटं कशाला बोलू, वाचताना तो मला आपल्यातलाच वाटला. पुढं त्यानं नाव घेतलं स्टालिन, म्हणजे पोलादी माणूस.

१९१७ ला क्रांती झाली. सत्ता कामगारांची, असं जाहीर झालं. १९२२ ला स्टालिन पक्षाचा सरचिटणीस झाला. बाकीचे पुढारी सभा गाजवायचे. हा कचेरीत बसून कुणाला कुठं नेमायचं ते ठरवायचा. नेमलेली माणसं त्याची झाली. जानेवारी १९२३ मध्ये आजारी लेनिननं लिहवून ठेवलं की हा उद्धट आहे, याला या जागेवरून हलवा. १९२४ ला लेनिन गेला. पक्षानं ऐकलं नाही. १९२९ पर्यंत ट्रॉट्स्की देशाबाहेर आणि बुखारिन बाजूला.

मग शेतकऱ्यांची पाळी आली. जमिनी सामुदायिक केल्या, धान्य उचलून नेलं. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्यानं सामुदायिक शेतातली कणसं घेतली तरी गोळी, नाहीतर दहा वर्षं कैद. १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तानात लाखो माणसं भुकेनं मेली, तरी धान्य परदेशी जातच होतं.

१९३६ ला राज्यघटना आली. भाषणाचं, सभेचं स्वातंत्र्य त्यात लिहिलेलं. आणि १९३७-३८ या दोन सालांत, त्यांच्याच दप्तरी नोंदीनुसार, ६,८१,६९२ माणसांना गोळ्या घातल्या. कुठल्या प्रांतात किती मारायचे, याचे आकडे वरून ठरवून दिलेले.

आता तो कायदा. २६ जून १९४० चा हुकूम. परवानगीशिवाय काम सोडलं तर दोन ते चार महिने तुरुंग. वीस मिनिटांहून जास्त उशीर म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, त्याच कारखान्यात राबायचं, पगारातून पंचवीस टक्क्यांपर्यंत कपात. मी निदान युनियनकडं जाऊन भांडलो. तिथं युनियनही सरकारचीच.

याच रशियानं हिटलरचं कंबरडं मोडलं, हेही खरं. आपल्या अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. त्या लढलेल्या माणसांपुढं मीही मान झुकवतो.

५ मार्च १९५३ ला स्टालिन मेला. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हनं बंद दाराआड त्याच्या व्यक्तिपूजेचा पाढा वाचला. त्याच सालच्या नोव्हेंबरात बाबासाहेब काठमांडूला बुद्ध आणि मार्क्सवर बोलले. पिळवणूक संपावी हे दोघांचंही म्हणणं. पण हिंसेचा आणि हुकूमशाहीचा रस्ता बाबासाहेबांनी नाकारला. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, हे तर त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ लाच घटना समितीत बजावलं होतं.

मित्रांनो, आपल्याकडंही बैठकीत ऐकू येतं, पुढारी आपलाच आहे, प्रश्न कशाला? गोरीचा तो पोरही आपल्यातलाच होता. म्हणून पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी विचारणार आहे. माणसं कोण नेमतं? हिशोब कोण बघतं? आणि पुढारी चुकला तर त्याला काढायचं कसं?