बालवेदना आणि घरपोच शुश्रूषा

वैनगंगेच्या खोऱ्यातील तिरोडा तालुका धानाच्या शेतीसाठी ओळखला जातो. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल नावाचा आनुवंशिक आजारही पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली वैद्यकीय जगापुढे ठेवली. खेड्यांतील मातांनी तो त्याच्या कितीतरी आधीपासून सोसला होता.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग कळा सुरू होतात. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात, थोरल्याची हाडे व पाठ ठणकते. थंडी, ताप, दमणूक किंवा पाणी कमी पडणे एवढे निमित्तही पुरते. औषधाने झटके कमी करता येतात, परंतु बहुतेकांच्या बाबतीत आजार समूळ जात नाही व आयुष्याची दोरी आखूड होते. मोठ्या इस्पितळांसाठी नागपूर गाठायचे तर अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. बापाची रोजी बुडते, घरची भावंडे शेजाऱ्यांवर पडतात. अशा मुलाच्या अंथरुणापाशी कोणी जायचे, हा प्रश्न आजचा असला तरी त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातील बराचसा धर्मभगिनींनी घडविला आहे.

मेरी ऐकनहेड यांनी स्थापन केलेल्या आयरिश संघाच्या भगिनींनी १८७९ साली डब्लिन येथे मरणासन्न रुग्णांसाठी आश्रम उघडला. त्याच संघाने १९०५ साली लंडनच्या गरीब वस्तीत संत जोसेफ हॉस्पिस सुरू केले. तेथे १९५८ पासून डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी काम केले. कळ उठेपर्यंत थांबू नये, ती परतण्याआधीच घड्याळ पाहून औषध द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. १९६७ साली त्यांनी संत ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापन केले आणि दोनच वर्षांत तेथील परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. आपल्या वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली शांती आवेदना आश्रम उभारला; भारतातील तो पहिला.

लहान मुलांची पाळी मात्र सर्वांत शेवटी आली. १९८२ साली ऑक्सफर्ड येथे सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या अँग्लिकन धर्मभगिनीने मुलांसाठी जगातील पहिले हॉस्पिस उघडले. घरीच आजारी लेकराचे करणाऱ्या आईबापांना काही दिवस विसावा मिळावा, हा त्यामागील एक मुख्य हेतू होता. त्या काळी नवजात बालकांना वेदना पुरत्या जाणवत नाहीत असे समजून पुष्कळदा अपुऱ्या भुलीवर त्यांच्या शस्त्रक्रिया होत असत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांच्या १९८७ मधील संशोधनाने हा समज मोडीत काढला. जे कोणत्याही आईला ठाऊक होते, ते सिद्ध करण्यास विज्ञानाला इतका काळ लागावा, ही गोष्ट मला आजही लाजिरवाणी वाटते.

दुसरा अडसर मॉर्फिनचा. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे परवान्यांचे जाळे इतके गुंतले की इस्पितळांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. आपल्या भाविक घरांत तिसरा अडसर असतो. 'देवाला अर्पण कर' असे आपण कण्हणाऱ्या मुलाला सांगतो. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की, वेदना स्वेच्छेने स्वीकारणे पुण्यप्रद असले तरी ते सर्वांवर बंधनकारक नाही, आणि वेदना शमविण्यासाठी गुंगी आणणारे औषध देणे उचित आहे. स्वेच्छा हा शब्द येथे महत्त्वाचा. पाच वर्षांच्या मुलाच्या वतीने ती स्वेच्छा दुसऱ्याने कशी करावी? १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानेही अशा शुश्रूषेला निःस्वार्थ प्रीतीचे खास रूप मानले आहे.

महाराष्ट्रात मुलांसाठीचा प्रयत्न २०१० साली जव्हारच्या कुटीर रुग्णालयातून सुरू झाला. भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटना, टाटा स्मारक रुग्णालय आणि ब्रिटनमधील संस्था यांचा तो संयुक्त प्रकल्प होता, डॉ. मेरी अ‍ॅन मुकादन त्याच्या अग्रभागी होत्या. मुंबईचे शीव रुग्णालयही पुढे त्यात आले. २०१२ साली राज्याने या शुश्रूषेचे धोरण स्वीकारले. जव्हारही आडवळणाचे आणि आदिवासी, म्हणून त्याचा दाखला तिरोड्याला मुंबईपेक्षा जवळचा वाटतो.

घरी जाणारी परिचारिका काय करते? मुलाला हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे चेहरे दाखवून कळ किती आहे ते विचारते. कोणते औषध किती तासांनी द्यायचे, पाणी किती पाजायचे, कोणत्या लक्षणांवर मात्र तडक दवाखाना गाठायचा, हे आईला शिकविते. भावंडांशी बोलते, कारण त्यांचे भय कोणी विचारीत नाही. शेवट जवळ आला असेल तर तो घरी व्हावा की इस्पितळात, हेही घरच्यांना वेळेवर विचारते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी होते, ओळखपत्रे मिळतात. २०४७ हे तिचे उद्दिष्टवर्ष आहे. तोवर आज जन्मलेले मूल विशी ओलांडून गेलेले असेल. केरळात १९९० च्या दशकात कोझिकोडहून सुरू झालेल्या चळवळीने शेजाऱ्यांनाच स्वयंसेवक केले. आमच्या धर्मग्रामांतून आजाऱ्यांना कम्युनियन नेणारी मंडळी आहेतच. त्यांनी परिचारिकेबरोबर त्या घरी जावे आणि आईला दोन तास झोपू द्यावे, एवढी सुरुवात कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता होऊ शकते.