कोळसा गेला, वाट राहिली

आगगाडी ही मूळची कोळशाची गाडी. इंग्लंडात १८२५ साली स्टॉक्टन-डार्लिंग्टनचा लोहमार्ग सुरू झाला, तो डरहॅमच्या खाणींतला कोळसा नदीकाठच्या धक्क्यापर्यंत नेण्यासाठी. उतारूंची रीतसर सोय मागाहून झाली. साहजिकच खाणीचे दिवस फिरले की गाडीचेही फिरत, हा अनुभव तिकडच्या अनेक गावांना आला. अॅशिंग्टन हे त्यांतले एक. तेथील उतारूंची गाडी १९६४ साली थांबली, १९८८ साली खाण बंद झाली आणि गाडी पुन्हा दारी यायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. मधल्या साठ वर्षांत तेथल्या दोन पिढ्या गाडीवाचून वाढल्या.

आपल्या महाराष्ट्रात असे गाव कोणते, असे कोणी विचारले तर मी वरोऱ्याचे नाव घेईन. आज वरोरा म्हटले की कोळसा चटकन कोणाच्या मनात येत नाही. पण एके काळी तेथे आगगाडी गेली ती कोळशासाठीच. १८७० नंतर चांदा जिल्ह्यातल्या या गावी सरकारी खाण चालू झाली. त्या काळी मुंबईकडच्या इंजिनांना आणि गिरण्यांना कोळसा थेट विलायतेहून जहाजाने येई. बंगालचा कोळसा देशातला खरा, पण फार लांबचा. तेव्हा वर्ध्याच्या खोऱ्यात कोळसा लागल्यावर सरकारने वर्धा ते वरोरा असा सुमारे ४५ मैलांचा फाटा टाकला. त्याचे नावच मुळी ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. वाटेत हिंगणघाटची कापसाची पेठ होती, तिचेही काम झाले. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल उभी केली, तेव्हा कापूस जवळ आणि कोळसाही जवळ, हा हिशेब त्यात होता.

या कोळशात एक उणेपण होते. त्यात पाण्याचा अंश फार. उघड्यावर पडला की त्याचा भुगा होई, आणि ढीग मोठा झाला की आपोआप तापून पेट घेण्याची भीती. असा माल साठवून ठेवता येत नाही. आज काढला तो लवकर गेला पाहिजे. वाट बंद पडली तर खाणीलाही थांबावे लागणार. वरोऱ्याच्या खाणीचा जीव त्या ४५ मैलांत अडकलेला होता.

१९०६ साली ती खाण बंद झाली. पण रूळ उखडले गेले नाहीत. तिकडे बल्लारपूरला नवी खाण लागली होती. तेव्हा रूळ चांद्यावरून पुढे सरकले. १९२९ साली बल्लारशा ते काझीपेठ ही जोडणी पुरी झाली आणि दिल्लीहून मद्रासला सरळ गाडी जाऊ लागली. कालपर्यंत शेवटचे असलेले वरोरा देशाच्या एका मोठ्या मार्गावरचे मधले स्थानक झाले. कोळशासाठी केलेली वाट कोळशाहून दीर्घायुषी ठरली. अॅशिंग्टनच्या आणि वरोऱ्याच्या नशिबात फरक पडला तो मला वाटते इथे. एकाची वाट खाणीपाशी संपत होती, दुसऱ्याची पुढे गेली.

मात्र वाट पुढे गेली म्हणजे गावाचे भले झालेच, असेही नाही. मेल गाडी धडधडत निघून जाते, मागे धूळ राहते. वरोऱ्याला तारले ते कापसाने. तो खाणीच्या आधी होता आणि नंतरही राहिला. पुढे १९५१ साली गावाशेजारच्या खडकाळ माळावर बाबा आमट्यांनी आनंदवन वसवले आणि समाजाने टाकलेल्या माणसांच्या कष्टांतून त्या गावाला नवी ओळख मिळाली. गंमत अशी, की आता वरोऱ्याजवळ सहाशे मेगावॅटचे खासगी वीजकेंद्र उभे आहे. एके काळी बाहेरच्यांची इंजिने पेटवणाऱ्या गावाजवळ आज कोळसा बाहेरून आणून जाळतात.

हे सारे मी काष्टीत बसून लिहितो आहे, आणि लिहिताना नजर आपल्या गावाकडे वळते. आमच्या गावावरून जाणारा दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालचा, म्हणजे वरोऱ्याच्या फाट्याचा समवयस्कच. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात खडी फोडून, माती वाहून पोट भरणाऱ्या माणसांचे हात त्याला लागले आहेत. पण तो काष्टीसाठी झाला नाही. पुण्याकडची गाडी आणि भुसावळकडची गाडी कल्याणचा वळसा न घेता एकमेकींना मिळावी, एवढाच त्याचा हेतू. काष्टीच्या पोटात ना कोळसा, ना लोखंड. आमचा माल चार पायांचा. तो आपल्या पायांनी बाजाराला येई. शनिवारच्या त्या बाजाराला रुळांची गरज नव्हती. रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. जनावरे टेम्पोतून येऊ लागली ती अलीकडे.

तरी ‘आपण सुरक्षित आहोत’ असे काष्टीकराने म्हणू नये. २०२२ साली लंपी रोग पसरला आणि सरकारी हुकुमाने राज्यभरचे गुरांचे बाजार बंद झाले. बैल येईना, तशी म्होरकी, वेसण, घुंगरमाळा विकणाऱ्यांची पाले उठली. कडब्याच्या पेंढ्या तशाच राहिल्या. चहाची भांडी थंड पडली. तो रोग ओसरला, बाजार पुन्हा भरला. पण ट्रॅक्टर काही ओसरणार नाही. औत ओढणारा बैल दरवर्षी थोडा कमी होतो आहे आणि त्यासाठी कोणाच्या हुकुमाची गरज नाही. कोणी म्हणेल, ऊस आहे ना! आहे, परंतु तालुक्यातला बराच ऊस कुकडीच्या पाण्यावर उभा, आणि ते पाणी जुन्नरकडून येते.

वरोऱ्याची खाण संपली तेव्हा गावाजवळ कापूस होता. आमच्या बाजाराजवळ बैलाखेरीज काय आहे, याची मोजदाद बाजार भरलेला असतानाच केलेली बरी. पाले उठल्यावर मोजायला माणसेही उरत नाहीत.