सोलापूरचें तळें आणि यूटाचे पाट

धर्मपंथांचा इतिहास लिहितांना आपले लेखक बहुधा त्या पंथाच्या तत्त्वज्ञानापासून प्रारंभ करितात आणि तेथेंच थांबतात. ईश्वराचें स्वरूप कोणतें, जीव व शिव यांचा संबंध कसला, मुक्ति कोणास व केव्हां, या प्रश्नांच्या चर्चेनें पानेंच्या पानें भरतात. परंतु त्या पंथाचा एखादा अनुयायी सकाळीं उठून काय करी, काय खाई व काय वर्ज्य करी, पैसा कसा मिळवी आणि मिळविलेल्यांतला कोणता भाग आपला मानी, याविषयीं चार ओळीही सांपडत नाहींत. आमच्या मतें ही मोठीच उणीव होय. तत्त्वें ग्रंथांत राहतात. पंथ जगतो तो चुलीपाशीं, दुकानाच्या वहींत आणि शेताच्या बांधावर.

या दृष्टीनें दोन पंथांचा आचार शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. एक आमच्या सोलापुरांतला, बाराव्या शतकांतील शिवशरणांचा. दुसरा एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत उदय पावलेल्या मॉर्मन लोकांचा. या दोहोंत कसलाही ऐतिहासिक संबंध नाहीं, आणि तो ओढून ताणून जोडण्याचा आमचा हेतुही नाहीं. परंतु दोघांनींही रुक्ष प्रदेशांत प्रथम कुदळ हातीं घेतली व पाण्याची सोय केली, एवढें साम्य विचारास पुरेसें आहे.

मॉर्मन लोकांची हकीकत आपल्या वाचकांस फारशी परिचित नसावी. जोसेफ स्मिथ या तरुणानें १८३० सालीं ‘मॉर्मनचा ग्रंथ’ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षीं ६ एप्रिल रोजीं न्यूयॉर्क संस्थानांत मूठभर मंडळी जमवून आपला पंथ स्थापिला. त्या ग्रंथावरून लोकांनीं त्यांस मॉर्मन म्हटलें. २०१८ पासून त्यांच्या धुरीणांनीं हें नांव टाकून पंथाचें पूर्ण नांव घ्यावें असा आग्रह धरिला आहे. आम्ही केवळ सोयीसाठीं जुनें नांव योजितों. ओहायो, मिसूरी, इलिनॉय असें एकेक ठिकाण त्यांस सोडावें लागलें. त्यांत शेजाऱ्यांची असहिष्णुता होती, तशी एकगठ्ठा मत देण्याची व आपसांतच व्यवहार करण्याची यांची रीतही होती. २७ जून १८४४ रोजीं कार्थेजच्या तुरुंगांत जमावानें स्मिथ यास गोळ्या घालून ठार केलें. पुढें ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखालीं ही मंडळी पश्चिमेकडे निघाली व १८४७ च्या जुलैंत खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यांत पोंचली.

सरोवर अफाट, पण त्याचें पाणी ना पिण्यास, ना पिकास. डोंगरांतून उतरणारे गोड्या पाण्याचे ओढे तेवढे आधाराला. या लोकांनीं तेथें पाऊल ठेवल्याबरोबर ओढ्यास बांध घातला, कोरडी जमीन भिजवून नांगरली आणि बटाटे लावले. ओढे व रान कोणा एकाच्या मालकीचें होणार नाहीं असें यंग यानें आरंभींच सांगून टाकिलें. पाटाचें खोदकाम सर्वांनीं करावयाचें, आणि पाण्याची पाळी ठरविण्यांत पंथाच्या स्थानिक पुढाऱ्यांनीं लक्ष घालावयाचें. शेजाऱ्याच्या पाळींत पाणी चोरणें हें पाप कीं गुन्हा, असा प्रश्न तेथें फारसा उरलाच नसेल.

त्यांचा घरगुती आचारही असाच रोकडा आहे. १८३३ च्या फेब्रुवारींत स्मिथ यास एक उपदेश प्राप्त झाला अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांत मद्य, तंबाखू व ‘उष्ण पेयें’ वर्ज्य सांगितलीं असून पुढें उष्ण पेयें म्हणजे चहा व कॉफी असा अर्थ ठरला. या उपदेशाची उत्पत्ति यंग यानें सांगून ठेविली आहे, ती मोठी उद्बोधक आहे. स्मिथच्या माडीवर धर्मचर्चेस जमणारे शिष्य तंबाखू ओढीत, चघळीत व भुईवर थुंकत, आणि ती भुई घांसण्याचें काम त्याच्या पत्नीच्या वांट्यास येई. तिच्या तक्रारीवरून हा विषय निघाला. आरंभीं हा केवळ उपदेश होता, आज्ञा नव्हती. खुद्द यूटांत कित्येक वर्षें पुष्कळांनीं तो सैलपणेंच पाळिला. १९२१ च्या सुमारास मात्र मंदिरप्रवेशासाठीं तो पाळणें आवश्यक ठरलें. म्हणजे शब्दाचा आचार होण्यास जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं.

याखेरीज उत्पन्नाचा दशांश पंथास द्यावयाचा. महिन्याच्या पहिल्या रविवारीं दोन वेळांचें जेवण सोडून त्याची किंमत गरिबांसाठीं द्यावयाची. सोमवारची सायंकाळ कुटुंबाबरोबर घालवावयाची. गांवच्या मंडळीचा प्रमुख हा पगारी पुरोहित नसतो. तो कारकून, शेतकरी, वैद्य, कोणीही असतो. आपल्या धंद्यावर पोट भरून हें काम विनावेतन करितो, व कांहीं वर्षांनीं दुसऱ्याकडे सोंपवितो.

आतां आमच्या गांवाकडे वळूं. सोलापूरचें जुनें नांव सोन्नलिगे. येथील सिद्धरामेश्वर हा श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचा भक्त. त्यानें येथें अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि लोकांस हाताशीं धरून तळें खोदलें अशी परंपरा आहे. त्याचें चरित्र तेराव्या शतकांत राघवांक या कवीनें कन्नडांत गाइलें. त्याचीं स्वतःचीं वचनेंही कन्नडच. आज मराठी, कन्नड, तेलगू व उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या या शहराचा ग्रामदेव कन्नड बोलणारा होता, हें आम्हां मराठी लेखकांच्या बरेचदां ध्यानांतून जातें.

या तळ्यासंबंधीं शरणांच्या परंपरेंत एक कथा आहे. अल्लमप्रभु सोन्नलिगेस आले असतां काम चाललें होतें. ‘तुमचा तो वड्डरराम कोठें आहे?’ असें त्यांनीं मुद्दामच उपरोधानें विचारिलें. गुरूचा हा अधिक्षेप ऐकून कामकरी खवळले व त्यांनीं अल्लमांवर दगड फेकले. पुढें सिद्धरामाशीं संवाद झाला, आणि तळीं खोदून पुण्य गांठीं बांधणें निराळें व ‘मी केलें’ ही भावना सुटणें निराळें, हें त्यास पटलें. अल्लमांसह तो कल्याणास गेला. आचाराची ही अंतर्गत टीका आम्हांस फार मोलाची वाटते. तळें खोदण्याविरुद्ध अल्लमांनीं शब्द काढला नाहीं. तळ्याच्या कांठीं उभ्या असलेल्या अहंकाराविरुद्ध काढला.

कल्याणांत बसवेश्वरांच्या भोंवतीं जमलेल्या या लोकांचा आचार दोन शब्दांत सांगतां येईल: कायक आणि दासोह. आपल्या हातच्या प्रामाणिक कामानें पोट भरणें हें कायक. त्यांतून उरेल तें समाजाच्या सेवेस लावणें हा दासोह. नुलिय चंदय्या दोर वळी, अंबिगर चौडय्या नांव हांकी, आय्दक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेंची. एके दिवशीं मारय्या नेहमींपेक्षां अधिक तांदूळ घेऊन आला, तेव्हां त्याची पत्नी लक्कम्मा हिनें ही हांव शिवास कशी मानवेल असें विचारून जादा तांदूळ परत पाठविले. दशांश आणि दासोह यांतील भेद येथें स्पष्ट होतो. मॉर्मन गृहस्थ मिळकतीचा दहावा भाग काढून देतो. लक्कम्मा मिळकतच गरजेपुरती धरिते. एकास हिशेब पुरतो, दुसऱ्यास रोज स्वतःस प्रश्न विचारावा लागतो. हिशेबाचा मार्ग हजारों लोकांस जमतो आणि टिकतो. प्रश्नाचा मार्ग उंच खरा, पण त्यावरून घसरणें सोपें.

आणखी एक साम्य नोंदविण्यासारखें आहे. शरण इष्टलिंग अंगावर धारण करितो. आमचा वारकरी गळ्यांत तुळशीची माळ घालतो व त्या माळेखातर मद्यमांस सोडितो. मंदिरांतील दीक्षा घेतलेले मॉर्मन स्त्रीपुरुषही आंतून एक साधें वस्त्र नेहमीं वापरितात. देवळांत ठेवलेला नियम देवळाबाहेर विसरतां येतो. अंगावरचा नियम बाजारांतही बरोबर येतो, हें या तिघांनींही ओळखिलें होतें.

मॉर्मन पंथ महाराष्ट्रांत कधीं आलाच नाहीं असें मात्र नव्हे. १८५२ सालीं ह्यू फिंडले हा स्कॉटलंडांत जन्मलेला उपदेशक मुंबईस उतरला. त्यानें मराठीचा अभ्यास केला, पुण्यास मुक्काम ठोकिला, आणि लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध सोसून दहाबारा माणसांची छोटी मंडळी उभी केली. तींत बहुतेक युरोपियन होते. १८५५ सालीं तो परत गेला व त्याचें काम जवळजवळ नामशेष झालें. याचें एक कारण सर्वश्रुत आहे. १८५२ च्या ऑगस्टमध्यें यूटांतील ज्या सभेंत हिंदुस्थानासाठीं आणखी उपदेशक नेमले गेले, त्याच सभेंत बहुपत्नीत्वाची चाल उघडपणें जाहीर झाली. ही वार्ता उपदेशकांच्या पुढेंच धांवली.

परंतु खरें कारण याहून खोल असावें असें आम्हांस वाटतें. १८१३ पासून मुंबईंत व पुढें नगर-सोलापुराकडे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशननें शाळा काढल्या, छापखाना घातला, येथेंच मुळें धरिलीं. फिंडले व त्याचे सोबती पदरीं पैसा न घेतां आले होते. आणि त्यांच्या पंथाचा त्या काळीं दंडक असा कीं, धर्म स्वीकारणारानें शेवटीं यूटास जाऊन मिळावें. ज्या धर्माचें सारें बळ पाट, पाळी, उपवासाचें दान अशा शेजारधर्मांत, तो शेजाऱ्यांवांचून पुण्यांत कसा जगावा? याउलट कल्याणच्या उत्पातानंतर शरण दाही दिशांस पांगले, तरी त्यांचें लिंग अंगावर व कायक हातांत होतें. म्हणून ते जेथें गेले तेथें पंथ गेला. सोळाव्या शतकांत मन्मथस्वामींनीं तो मराठींतूनही सांगितला. मॉर्मन पंथानेंही विसाव्या शतकांत आपला दंडक बदलला. आतां ज्यानें त्यानें आपल्या देशींच राहावें असें तो सांगतो, आणि २०१८ सालीं त्यानें बंगळुरास मंदिर बांधण्याचें जाहीर केलें.

येथवर आम्हीं गुणच गाइले. दुसरी बाजू न सांगणें हा इतिहासाशीं अपराध होईल. आचार जसा माणसें जोडतो तसा कुंपणही घालतो. ज्या खोऱ्यांत मॉर्मनांनीं पाट काढले तें निर्जन नव्हतें. यूट व शोशोनी लोकांचा तो वावर होता, आणि त्यांस पाण्याची पाळी मिळाली नाहीं. बहुपत्नीत्व १८९० मध्यें अधिकृतपणें सोडलें गेलें, पण कृष्णवर्णीय पुरुषांस धर्माधिकार मिळण्यास १९७८ साल उजाडावें लागलें. इकडे ज्या शरणांनीं मधुवरसाची कन्या व हरळय्याचा पुत्र यांचा विवाह लावून जातिभेदास आव्हान दिलें, त्यांचे वारस पुढें जातींत व पोटजातींतच विभागले गेले. शुद्ध आचरण करणारा मनुष्य न्यायी असतोच असें नाहीं, हें दोन्ही इतिहास एकमुखानें सांगतात. सोलापूरच्या गड्डा यात्रेंत संक्रांतीच्या वेळीं सात नंदिध्वज निघतात, त्यांत निरनिराळ्या समाजांस मान असतो. परंतु यात्रेंतला मान वर्षभराच्या पंगतींत उतरतो काय, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं तपासावें.

एक अवघड उदाहरण आमच्या गांवांतच आहे. सोलापुरांत हजारों स्त्रिया घरीं बसून विड्या वळतात. त्यांतल्या बहुतेकींनीं आयुष्यांत विडी ओढलेली नसते. तंबाखू वर्ज्य मानणारा नीतिमान् गृहस्थ स्वतःपुरता निर्दोष; पण विडी वळणें हें कायक म्हणावें कीं नाहीं? माल घातक म्हणून श्रमही अपवित्र ठरवावा, तर दिवसभर सुपांत मान घालून बसलेल्या बाईची चूल कशी पेटावी? याचें उत्तर वैयक्तिक वर्ज्यावर्ज्यांत नाहीं. २००६ सालीं कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांसाठीं सहकारी तत्त्वावर दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्या उद्योगामागें धर्मपंथ नव्हता, तरी दासोहाचा अर्थ त्यांत आम्हांस अधिक दिसतो. लक्कम्मेचा प्रश्न आज असा विचारावा लागेल: या विडीवर गरजेपेक्षां अधिक तांदूळ कोण वेंचतो आहे?

शेवटीं पुन्हां पाण्याकडे. दीडशें वर्षांहून अधिक काळ ओढ्यांचें व नद्यांचें पाणी शेतांकडे आणि शहरांकडे वळविल्यामुळें यूटाचें खारें सरोवर आटत गेलें. २०२२ सालीं त्याची पातळी नोंदींतील सर्वांत नीचांकास पोंचली. ज्या पाटांत या लोकांचा धर्म वाहिला, त्या पाटांनींच सरोवर कोरडें केलें. पुढच्याच वर्षीं त्यांच्या पंथानें आपल्या मालकीच्या पाण्याचा कांहीं भाग सरोवरास कायमचा सोडून दिला. इकडे सिद्धरामाचें तळेंही निर्माल्य, मूर्तिविसर्जन व सांडपाणी यांनीं वेळोवेळीं दूषित होत आलें आहे, आणि त्यांतलें पुष्कळसें त्यास भक्तीच्याच नांवानें अर्पण झालेलें आहे.

पूर्वजांचा आचार पाळणें म्हणजे त्यांनीं केलें तेंच करीत राहणें नव्हे. त्यांनीं तहान पाहून कुदळ उचलली. आज एका ठिकाणीं पाणी परत देणें आणि दुसऱ्या ठिकाणीं तें निर्मळ ठेवणें हाच त्या आचाराचा पुढचा नियम होय. सिद्धरामाच्या तळ्यांत फूल टाकण्यापूर्वीं सोलापूरकरांनीं एवढा विचार केला, तरी अल्लमांचा प्रश्न त्यांनीं ऐकिला असें आम्ही समजूं.