नांगर मोडला तर कोणाकडे जायचं?

आजचा विषय शेतीच्या अवजारांचा आहे आणि आपण बसलो आहोत वाशीत. इथं शेत कुठं आहे, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. पण पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी या सगळ्या पट्ट्यात भाताची खाचरं होती, मिठागरं होती आणि खाडीचं पाणी अडवणारे बांध होते. म्हणून हा विषय मुद्दाम इथं घेतला.

अवजारांचा इतिहास आपण साधारणपणे असा शिकतो: आधी लाकूड, मग लोखंड, मग इंजिन आणि आता संगणक. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. आज आपण प्रत्येक अवजाराला एकच प्रश्न विचारू या. ते मोडलं तर दुरुस्त कोण करतं?

देशावरचा जुना नांगर घ्या. बाभळीचं खोड, त्याला इसाड, रुमणं, पुढं जू, आणि लोखंड म्हणाल तर फक्त फाळ. नांगर सुताराचा आणि फाळ लोहाराचा. दोघं गावातलेच. त्यांना रोख पैसे मिळत नसत, सुगीला खळ्यावर बलुतं मिळे. मोट चामड्याची, ती चांभार शिवून देई. म्हणजे अवजार मोडलं तर शेतकऱ्याला गावाची वेस ओलांडावी लागत नव्हती. याचा अर्थ तो काळ सोन्याचा होता असा नाही. बलुतेदारीत जातीची उतरंड होती, आणि ज्यानं मोट शिवली त्यालाच पाणवठ्यावर मज्जाव असे, हेही विसरता येत नाही. शिवाय काळ्या रानात हरळी आणि कुंदा खोल रुतून बसतात. ते उपटायला जड लाकडी नांगराला तीन-चार, कधी त्याहून जास्त बैलजोड्या लागत. एवढे बैल एका घरी कुठले? मग इर्जिक घालायची. शेजारीपाजारी आपापली जोडी घेऊन येत आणि जेवणावर नांगरट करून देत.

आता लोखंडी नांगराकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथं १८८८ पासून त्यांच्या घरचं सायकलचं दुकान होतं. पुढं कडबा कापायची यंत्रं केली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. गिऱ्हाईक काही येईना. लोखंडानं जमिनीत विष उतरेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

ही गोष्ट आपण शेतकऱ्याच्या अज्ञानाची म्हणून हसत हसत सांगतो. पण क्षणभर त्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर मोडला तर सुतार चार घरं सोडून आहे. हा बिडाचा नांगर तडकला तर? बीड ठोकून सांधत नाही. लोहाराचा भाता त्याला पुरत नाही, त्याला ओतशाळा लागते. भीती विषाची असेल, पण तिच्यामागं हिशेबही असावा, असं आम्हाला वाटतं.

पुढं बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! या सगळ्यात एक गोष्ट मात्र घडली. दुरुस्ती गावाबाहेर गेली, पण मराठी मुलखाबाहेर गेली नाही. सुटा भाग बदलायचा तर तो वाडीच्या कारखान्यातून रेल्वेनं येई.

त्यानंतर इंजिन आलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवर पंप बसले आणि मोट थांबली. १९६३ साली महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिचा कारखाना इथून फार लांब नाही, कांदिवलीत. ट्रॅक्टरबरोबर तालुक्याच्या गावी मेकॅनिकचं दुकान आलं. सुताराच्या जागी फिटर आला, बलुत्याच्या जागी रोख बिल आणि बँकेचा हप्ता आला. इर्जिक संपली, कारण ट्रॅक्टर भाड्यानं मिळू लागला. काम तासांत उरकलं, पण शेजाऱ्याची गरज उरली नाही. हा फायदा की तोटा, ज्यानं त्यानं ठरवावं.

आता कोकणात उतरू, म्हणजे या सभागृहाखालच्या जमिनीवर. इथली खाचरं लहान, माती चिखलाची. इथं हलका लाकडी नांगर, चिखलणीनंतर फिरवायची फळी आणि विळा एवढ्यावर भात पिकत आलं. जड ट्रॅक्टर खाचरात रुतायचा, म्हणून कोकणात पॉवर टिलर चालला. सगळ्यांत मोठं अवजार खरं तर बांध. खाडीचं खारं पाणी बाहेर ठेवायला गाव मिळून बांध घाली आणि गाव मिळूनच त्याची खांडं बुजवी. एकट्याची मालकी तिथं चालतच नव्हती.

दोन तारखा सांगतो. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कूळकायद्यानं त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाला तिचा मालक मानलं. नांगर ज्याच्या हातात, जमीन त्याची. दुसरी तारीख १७ मार्च १९७०. त्या दिवशी सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. दोन तारखांत अंतर तेरा वर्षांचं. इथल्या कित्येक आगरी, कराडी घरांत बापानं जमीन नावावर झालेली पाहिली आणि मुलानं संपादनाची नोटीस. नांगर मोडला नव्हता, कालबाह्यही झाला नव्हता. त्याच्याखालची जमीन गेली. अवजार नेहमी नव्या अवजारामुळंच जातं असं नाही, हे नवी मुंबईइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसेल.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. यंत्र आधी आलं ते पुरुषांच्या कामात, नांगरटीत. लावणी, खुरपणी, कापणी ही वाकून करायची कामं बाईकडंच राहिली, तीही खुरपं आणि विळ्यासह. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. दातेरी पातं, हलकं वजन, वारंवार धार लावायला नको. छोटी गोष्ट आहे, पण ती दिवसभर ज्या मनगटावर भार पडतो त्याचा विचार करून झाली.

मग पुढं काय येणार? ड्रोन तर आलाच आहे. २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारनं महिला बचतगटांच्या १५,००० ड्रोनसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. फवारणीचं यंत्र आधी बायकांच्या हाती, हे आजवरच्या क्रमाच्या उलट आहे आणि स्वागतार्ह आहे. गावोगावी अवजार बँका होत आहेत, म्हणजे इर्जिकच नव्या हिशेबानं परत येते आहे म्हणा. विजेवरचे ट्रॅक्टर, तण ओळखून काढणारी यंत्रं, उपग्रहाच्या चित्रावरून पाण्याचा सल्ला, हेही दारात उभं आहे.

पण आपला प्रश्न तोच. मोडलं तर? अमेरिकेत शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये सॉफ्टवेअर असतं आणि त्याची कुलपं कंपनीकडं. स्वतःचं यंत्र स्वतः उघडता यावं म्हणून शेतकऱ्यांना भांडावं लागलं. २०२३ साली कोलोरॅडो राज्यानं शेतीयंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. ज्या देशात हे आधी आलं तिथलं भांडण आपण आधीच पाहून घ्यावं, हे शहाणपणाचं.

म्हणून नव्या अवजाराला नाही म्हणा, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. बैलामागं उन्हात चालणाऱ्याला कोणी लाकडाची थोरवी सांगू नये. पण घेताना तीन गोष्टी विचारा. याचे सुटे भाग तालुक्याला मिळतील का? हे उघडायला गावातली पोरं शिकतील का? आणि माझ्या रानाची माहिती यात साठणार असेल, तर ती कोणाची? लोखंडी नांगराला बिचकलेला तो शेतकरी बहुधा यातलाच पहिला प्रश्न विचारत होता. आपण त्याला हसलो. आता पाळी आपली आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर जुनं जू, फाळ किंवा विळा असेल, तर भंगारात घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा, आणि ते कोणी केलं होतं तेही.