ग्लोमस जुग्युलारे : रेडिओसर्जरीचा उपचार

ग्लोमस जुग्युलारे ही कवटीच्या तळाशी, कानामागच्या हाडात होणारी दुर्मिळ गाठ. वर्षाकाठी दहा लाखांत जेमतेम एखाद्याला ती होते आणि स्त्रियांत अधिक आढळते. ती सहसा कर्करोगाची नसते, पण रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. म्हणून रुग्णाला नाडीच्या ठोक्यागणिक कानात धडधड ऐकू येते, पुढे ऐकू येणे कमी होते. मेंदूतले रक्त ज्या छिद्रातून मानेतल्या मोठ्या शिरेत उतरते, तिथेच ही गाठ वाढते. गिळणे, आवाज आणि खांद्याची हालचाल सांभाळणाऱ्या नवव्या, दहाव्या व अकराव्या मज्जातंतूंची वाटही तीच. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढता येते, पण या तंतूंना इजा झाली तर रुग्णाला पाण्याचा घोट घेतानाही ठसका लागतो.

म्हणूनच या गाठीच्या उपचाराचे यश ती नाहीशी झाली का यावर मोजणे चुकीचे आहे. ती वाढायची थांबली का, हे पाहिले पाहिजे. रेडिओसर्जरी हेच साधते. रेडिओसर्जरीची कल्पना स्वीडनचे मेंदुशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडली. त्यांच्या गॅमा नाइफ या यंत्रात कोबाल्ट-६० चे किरण अनेक दिशांनी येऊन एकाच बिंदूवर मिळतात. प्रत्येक किरण दुबळा असल्याने वाटेतल्या पेशी बचावतात. जागा फक्त बधिर करून डोक्याला चार स्क्रूंनी चौकट बसवतात. गाठ इतकी खाली असते की चौकटही नेहमीपेक्षा खाली घ्यावी लागते. मग एमआरआयवर नकाशा आखून गाठीच्या कडेला साधारण १४ ते १८ ग्रे मात्रा एकाच बैठकीत देतात. पुढच्या काही वर्षांत रक्तवाहिन्या आकसतात, गाठ थिजते. प्रकाशित रुग्णमालिकांत नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींची वाढ थांबलेली दिसते.

ही गाठ मुळातच संथ वाढते, मग श्रेय किरणांना का, हा आक्षेप रास्त आहे. उपचारापूर्वी गाठ वाढत होती याची नोंद अनेक मालिकांत नसते आणि इतक्या विरळ आजारात चिठ्ठ्या टाकून दोन गट करणारी मोठी चाचणी उभी राहणे अवघडच. तरीही आधी वाढताना नोंदलेल्या गाठी किरणांनंतर थबकतात, कित्येकांची कानातली धडधडही ओसरते. एवढ्या सगळ्याला नुसता संथपणा पुरत नाही. लक्षणे नसलेल्या वयस्कर रुग्णावर मात्र नुसती नजर ठेवणे शहाणपणाचे, हे या आक्षेपातून मान्य करावेच लागते. दुसरी शंका किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याची. तसे फार क्वचित घडते, पण तरुण रुग्णापुढे अनेक दशके असल्याने त्याच्याशी हे आधी बोलायलाच हवे. गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा बरीच मोठी असेल किंवा मस्तिष्कस्तंभ दाबत असेल, तर आधी शस्त्रक्रियेने दाब उतरवतात. तंतूंना चिकटलेला भाग मुद्दाम मागे ठेवून त्यावर नंतर किरण देता येतात.